पहिली रेघ आपल्या हातावर

आमच्या घरी रविवारी सकाळी कोणी मोठ्यानं बोलत नसे. समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कावीळ झालेली माणसं बसलेली असायची. मालवणची, धामापूरकडची, कधी तर पार बांद्याहून पहिल्या एसटीनं आलेली. डोळे पिवळे, नखं पिवळी, अंगात त्राण नाही आणि मांडीवर एक नारळ. माझे बाबा काविळीचं औषध द्यायचे. त्यांच्याआधी आजोबा द्यायचे. नारळाशिवाय कोणाकडून काही घ्यायचं नाही, हा घरचा नेम.

औषध म्हणजे काय, तर मनगटाच्या थोडं वर, हाताच्या आतल्या बाजूला सुरीच्या टोकानं तांदळाच्या दाण्याएवढी चीर द्यायची आणि तिच्यात एक मुळी ताकात उगाळून भरायची. पहिल्या रविवारी डाव्या हाताला, दुसऱ्या रविवारी उजव्या हाताला. मुळी कुठली ते मी अजूनही सांगणार नाही. तिच्यात काडीचा दम नव्हता हे मला आज पक्कं ठाऊक आहे. बहुतेक कावीळ चार-सहा आठवड्यांत आपली आपण उतरते आणि नाव आमच्या घराचं व्हायचं. पण बाबांना शब्द दिलाय म्हणजे दिलाय.

सुरीचे दोन नियम होते. पहिला असा, की दिवसाची पहिली रेघ औषध देणाऱ्यानं स्वतःच्या हातावर मारायची. समोरच्याला दाखवायचं, की बघ बाबा, मलाही चिरतंय, मग तुला भ्यायचं काय कारण? दुसरा नियम असा, की प्रत्येक चिरीनंतर सुरी करवंटीच्या निखाऱ्यात लाल होईपर्यंत धरायची आणि पाण्यात बुडवायची. स्वतःच्या हातावरच्या रेघेनंतरही. असं का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. आजोबा म्हणे सांगायचे, की अग्नी साक्षीला हवा. मी लहानपणी दर रविवारी तो पाण्यातला चर्र असा आवाज ऐकत चहा प्यायले आहे.

तो आवाज मी बंद केला. हे सगळं लिहायला बसले आहे ते त्यासाठीच, म्हणून आधीच सांगून टाकते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कोल्हापूरला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते आणि सुट्टीत घरी आले होते. अंगात नुसती मस्ती. घरात पाऊल टाकलं की हे घाण, ते अशास्त्रीय, इथे हात धुवा, तिथे झाकण ठेवा. आई वैतागून म्हणायची, "गो बाये, तू कोल्हापुरातच ऱ्हव." माझा भाऊ त्या वेळी चार वर्षांचा. माझ्यात आणि त्याच्यात पंधरा वर्षांचं अंतर. आई-बाबांना वाटलंही नव्हतं तेव्हा तो झाला, आणि झाल्यापासून माझ्याच कडेवर वाढला. त्याला आम्ही बारक्या म्हणायचो. अजूनही तेच म्हणतो, सहा फूट झालाय तरी.

त्या सुट्टीत बारक्याला कावीळ झाली. शाळेच्या आधीची पोरं कुठलंही पाणी पितात, होते. बाबांनी रविवारी बाहेरची चार माणसं झाल्यावर त्याला घेतलं. घरातल्यांचा नंबर नेहमी शेवटी. त्यानं निखाऱ्यातून बाहेर येणारी ती लाल सुरी बघितली आणि जो टाहो फोडला! आता ती पाण्यात बुडवून थंड करणार आहेत हे चार वर्षांच्या पोराला कोण समजावणार? "लाल सुरी नको! लाल सुरी नको!" करत तो माझ्या गळ्याला असा चिकटला, की बाबांना त्याचा हात सोडवेना. बाबा म्हणाले, र्‍हवांदे आज, फुडल्या रविवारी बघू. मला ते रडणं सहन झालं नाही. अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी मालवणला गेले आणि औषधाच्या दुकानातून स्पिरिटची बाटली आणि कापसाचा गुंडाळा घेऊन आले. दोन्ही बाबांसमोर ठेवलं. म्हटलं, "ही आग वगैरे बंद करा आता. पोरं घाबरतात. सुरी काढायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, झालं. एक जंतू राहत नाही."

बाबा बाटलीकडे बघत बसले. "अगो, पण ती घरची रीत," म्हणाले. "कित्याक ता माका म्हायत नाय, पण कायतरी आसतला."

"काही नाही! अग्नी साक्षीला म्हणे! लग्न आहे का हे?"

ते हसले. शिकलेल्या मुलीपुढे बापाचं हसू असतं तसं. पुढच्या रविवारी त्यांनी शेगडी पेटवली नाही. स्वतःच्या हातावर पहिली रेघ मारली, बोळ्यानं सुरी पुसली आणि बसलेल्यांना सांगितलं, "आमच्या चेडवान सांगल्यान. ता शिकता ना थंय." त्या दिवशीही बाहेरची माणसं आधी झाली. त्यांतला एक डंपरवर काम करणारा परका माणूस होता. डोळे हळदीसारखे पिवळे, सारखा ओकत होता. तो गेला, सुरी पुसली गेली, आणि मग मी बारक्याला मांडीवर घेतलं. त्याचा डावा हात मी धरला होता. त्याला म्हटलं, "बघ रे बारक्या, आगीत घालूची नाय. थंड आसा. दुखूचा नाय."

तो रडला नाही. मला केवढा आनंद झाला होता.

पुढे मी गोव्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, यंत्रावर कागदाहूनही पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. आमच्या यंत्राचं पातं मी दुसऱ्या पेशंटचा तुकडा घेताना बदलते. नव्या मुलींना मी त्यावरून इतकी बोलते, की त्यांनी माझं नाव सासू ठेवलंय. ठेवू देत.

आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडम बरीच वर्षं एकाच गोष्टीच्या मागे आहेत. ब आणि क प्रकारची कावीळ वर्षानुवर्षं अंगात राहते, तेव्हा लिव्हरमध्ये व्रण का भरतो आणि तो बाहेरून ओळखता येतो का. त्यांनीच मला शिकवलं, की हा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा मारत नाही. मारतात त्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. एरवी त्या आपल्या वाटेनं वाहत जात असतात. विषाणू जिथे बसलाय तिथे रक्तवाहिनीच्या अस्तरावर आणि लिव्हरच्या पेशींवर काही रेणू उगवून येतात. चिकटवणारे रेणू. मॅडम त्यांतल्या एकाला आयकॅम म्हणतात. पांढरी पेशी तिथून जाताना अडखळते, चिकटते आणि भिंतीतून आत शिरते. एक शिरली की तिच्या मागून दुसरी. खडकाला एक कालव धरलं की बाकीची तिथेच धरतात, तसं.

आत शिरून त्या विषाणू असलेली पेशी मारतात. विषाणू संपला तर भांडण मिटलं. लहानपणी शिरलेला विषाणू मात्र बहुधा संपत नाही. मग वीस-वीस वर्षं हेच चालू राहतं, आणि जिथे पेशी मेल्या तिथे शरीर चिवट धागे भरत जातं. मऊ लिव्हर आतून ताठ होतं. यात दुखत काहीच नाही. माणूस जेवतो, खातो, क्रिकेट खेळतो, लग्नात नाचतो. कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं.

ते रेणू दिसावेत म्हणून आम्ही तुकड्याला तपकिरी रंग देतो. निरोगी लिव्हरमध्ये तो अगदी पुसट उमटतो. आजारी लिव्हरमध्ये तपकिरी कडा दाट होत जातात. त्यांतले काही रेणू तुटून रक्तातही येतात, म्हणून सुई न खुपसता नुसत्या रक्तावरून आतला व्रण मोजता येईल का, हे मॅडम तपासतात. मी अशा शेकडो काचा रंगवल्या असतील. प्रत्येक काचेवर नंबर असतो, नाव नसतं. माझ्या दृष्टीनं तो कामाचा भाग होता, दुपारी डबा खायच्या आधी संपवायचा.

बाबा सात वर्षांपूर्वी गेले. पोट फुगलं, पाय सुजले, रक्ताची उलटी झाली आणि चौथ्या दिवशी संपलं. गावातले दोघे-तिघे कुजबुजले, की लपून पीत असणार. बाबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता! मी तेराव्याला त्यांतल्या एकाला सगळ्यांसमोर म्हटलं, "शिरा पडो तुझ्या तोंडार." आईनं मला हाताला धरून आत नेलं. इतकं भांडले, पण लॅबमधल्या बाईला बापाचं रक्त एकदा तपासावंसं वाटलं नाही. मला त्या वेळी लिव्हर आठवलंच नाही असं मी स्वतःला सांगत आले आहे.

बाबांच्या मागून रविवारी बारक्या बसायला लागला. आठवडाभर तो मोटारसायकली दुरुस्त करतो, रविवारी पांढरा सदरा घालून खळ्यात बसतो. माणसं त्याला मानतात. त्याच्या डाव्या हातावर आतल्या बाजूला पांढऱ्या बारीक रेघांची ओळच आहे, बाबांच्या हातावर होती तशी. आणि त्याच्या बाजूला स्पिरिटची बाटली. मी सुट्टीत गेले की तो मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचा, "आमची बाय गोव्याच्या लॅबात आसा. तिनाच ह्या सुरू केल्यान." मी आत मासे तळता तळता खूश व्हायचे.

मागच्या वर्षी गणपतीच्या मंडळानं रक्तदान ठेवलं. बारक्यानं रक्त दिलं. नंतर रक्तपेढीतून त्याला भेटायला या म्हणून दोनदा फोन आला. याला वाटलं, आणखी रक्त मागतायत. त्यानं तो नंबर बंद करून टाकला! मला दिवाळीत हसत हसत सांगितलं. मी हातातला चमचा खाली ठेवला आणि त्याचे डोळे बघितले. पांढरे होते. तरी दुसऱ्याच दिवशी त्याला गोव्याला घेऊन आले. स्वतः रक्त काढलं, स्वतः तपासलं. ब कावीळ. जुनी, मुरलेली.

आता ऐका मी काय केलं ते. मला त्याच क्षणी सुरी आठवली. पहिली रेघ आपल्या हातावर, मग एक बोळा, मग समोरच्याचा हात. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू आठवडाभर तग धरतो आणि पुसलेल्या पात्याला तो काही सोडत नाही, हे मी पोरींना शिकवते. मी त्याला म्हटलं, "बारक्या, रविवारचं बसणं बंद ठेव."

"कित्याक?"

आणि त्याला खरं कारण सांगायचं तर मी आणलेली ती स्पिरिटची बाटली मध्ये यायची. मी म्हटलं, "तू आजारी आहेस. दमायचं नाही." बस्स, एवढंच. एवढ्या मोठ्या तोंडाची मी, आणि एवढंच बाहेर पडलं.

"बरा," तो म्हणाला.

स्कॅनवर व्रण दिसत होता पण नेमका किती ते कळेना, म्हणून सुईनं तुकडा काढायचं ठरलं. सोबतीला आई आली होती. तो तुकडा माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कोणाला दे, असं मॅडम म्हणाल्या. मी ऐकलं नाही. यंत्रावर नवं पातं लावलं आणि माझ्या भावाचं लिव्हर कापलं. कोमट पाण्यावर ते पापुद्रे तरंगत होते आणि माझा हात अजिबात हलला नाही, याची मला आजही चीड येते.

काच तयार झाल्यावर मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सगळीकडे तपकिरी. रक्तवाहिन्यांच्या कडेनं, पेशींच्या झुंडींभोवती, जिथे बघावं तिथे पांढऱ्या पेशी चिकटून आत घुसलेल्या. दुसऱ्या काचेवर व्रणाचे धागे निळे रंगवले होते. निळे पट्टे एका ठिकाणाहून निघून दुसऱ्याला जाऊन मिळाले होते. हे रात्रीत होत नाही. माझ्या कडेवरचं पोर शाळेत गेलं, दहावीला नापास झालं, परत बसलं, गॅरेज काढलं, तेवढा सगळा वेळ हे आत चाललेलं होतं.

मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, "अजून पुरतं कडक झालेलं नाही. रोज एक गोळी, न चुकता, जन्मभर. व्रण थोडा मागेही फिरू शकतो. पण एवढ्या तरुण वयात एवढं, म्हणजे लहानपणीच लागण झालेली दिसते. आईची तपासणी केली का? बाळंतपणात आईकडून येतं बहुतेकांना."

आईकडून! मला कोणी बुडताना दोर टाकावा तसं झालं. मी त्याच दिवशी आईचं रक्त काढलं. ती बिचारी हात पुढे करून बसली होती, "घे गो, होया तितक्या घे," म्हणत. आणि मी तिची शीर शोधताना मनात एकच घोकत होते. हिच्यात असू दे. देवा, हिच्यात असू दे. स्वतःच्या आईला रोग निघावा म्हणून नवस बोलणारी मुलगी बघायची असेल तर ती मी. पुढची तपासणी यंत्र बंद पडल्यामुळे रखडली. मी आईला आणि बारक्याला गावी पाठवलं आणि दोन आठवडे रोज सकाळी तेच घोकत कामाला गेले.

शनिवारी दुपारी कागद आला. आईला काही नव्हतं. आता नव्हतं आणि पूर्वीही कधी झालेलं नव्हतं. मी तो कागद तीनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आईला फोन लावला.

"तुका काय नाय गो आये."

"बरा झाला," आई म्हणाली. "मगे उद्या येशीत? माणसा लय येतत सध्या. माका भाकऱ्यांक कोणतरी होया."

"कसली माणसं?"

"कसली म्हणजे? औषधाक. रविवार नाय उद्या?"

"बारक्या बसतोय? मी त्याला बंद ठेव म्हटलं होतं!"

"अगो, एक रविवार नाय बसलो तो. मगे माणसा लांबसून येतत, बायलमाणसा, पोरा. परत कशी धाडूची? आणि तेका आता बरा वाटता. दमणा नाय म्हणता."

दमत नाही म्हणतो. कसा दमेल? मी त्याला दमू नको म्हटलं होतं, आणि तो दमत नव्हता.

बारक्याला फोन लावला, तो उचलेना. रविवारच्या आदल्या दुपारपासून सुरी हातात घेईपर्यंत त्यानं फोनला हात लावायचा नाही, हा त्यानं स्वतः काढलेला नेम. आईला म्हटलं, त्याला सांग, मी येईपर्यंत एकालाही चिरू नको. "कित्याक पण?" आई विचारत राहिली. मी म्हटलं, येऊन सांगते.

रविवारी पहिली बस पकडली. बांद्याला ती अर्धा तास नुसती उभी. ड्रायव्हर चहाला गेला होता. मी खाली उतरून त्याच्या टपरीपर्यंत गेले आणि अशी काही ओरडले, की तो अर्धा ग्लास टाकून उठला. पुढे कुडाळला उतरून रिक्षा केली. रस्त्यात दोन मोटारसायकलींवरून पिवळी माणसं आमच्या गावाकडे जाताना दिसली. मला वाटलं, थांबवावं. काय सांगणार होते? रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, जरा जोरात घ्या.

खळ्यात पंधरा-वीस जण होते. बारक्यानं वाट बघितली होती म्हणे, तासभर. मग लांबच्यांची बस चुकेल म्हणून बसला. मी बेड्यातून, कुंपणाच्या फाटकातून, आत शिरले तेव्हा त्याच्या डाव्या हातावर ताजी रेघ होती, पहिली रेघ, आणि तिच्यावर रक्ताचा एक थेंब उभा होता. तो कापसानं सुरी पुसत होता. समोर पाचेक वर्षांची एक मुलगी, तिच्या आईच्या मांडीवर. बारक्यानं तिच्यासमोर सुरी धरली आणि मऊ आवाजात म्हणाला, "बघ गो, आगीत घालूची नाय. थंड आसा. दुखूचा नाय."

माझं वाक्य. जसंच्या तसं. चार वर्षांचा असताना ऐकलेलं.

"सोड तो हात!" मी ओरडले. "बारक्या, सोड! टाक ती सुरी!"

सगळे उठून उभे राहिले. मी धावत जाऊन त्या पोरीचा हात त्याच्या हातातून ओढून घेतला. चीर पडली नव्हती. मी देवाचं नाव घेतलं. मग लक्षात आलं, की तिनं उजवा हात पुढे केला होता.

मी तिचा डावा हात उलटा केला. मनगटाच्या वर तांदळाएवढी खपली होती.

"हे कधी दिलं?"

"मागल्या रविवारी," तिची आई म्हणाली. "काय झाला ओ ताई?"

त्यानंतर मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. बोलले मात्र सगळं. बारक्याला कुठली कावीळ आहे, ती रक्तातून जाते, तो पहिली रेघ स्वतःच्या हातावर मारतो, स्पिरिटच्या नुसत्या पुसण्यानं हे मरत नाही, आगीनं मेलं असतं. आणि आग मी बंद केली. बाबांनी नाही, बारक्यानं नाही, मी. इतक्या वर्षांत इथे ज्याच्या ज्याच्या हाताला चीर पडली त्यानं रक्त तपासून घ्या. एक म्हातारी आपली बाही वर करून मनगट बघायला लागली. मग तिच्या शेजारचा. एका माणसानं उंबऱ्याजवळच्या ढिगातून आपला नारळ शोधून उचलला, माझ्याकडे बघून थुंकला आणि निघून गेला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

बारक्या सुरी हातात घेऊन तसाच बसला होता. "बाय," तो म्हणाला, "तुका ह्या कधीपासून म्हायत आसा?"

"दिवाळीपासून."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. रविवार मोजत असणार. मग त्यानं सुरी खाली ठेवली आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. कारण मी तेवढ्यात सांगितलं होतं, की अंगात शिरलेल्या विषाणूला अडवायचं इंजेक्शन असतं आणि लस असते, पण ते आठवड्याच्या आत द्यावं लागतं. मागच्या रविवारपासून आज सातवा दिवस होता.

रिक्षात मी, ती पोर आणि तिची आई. पुढे बारक्या रस्ता मोकळा करत हॉर्न वाजवत चाललेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात तो आधीच पोचून इंजेक्शन शोधायला लागला होता. मिळालं. दुपारचे दोन वाजून गेले होते. उपयोग झाला की नाही ते सहा महिन्यांनी तिचं रक्त तपासल्यावर कळेल. तो दिवस अजून यायचा आहे. बाकीच्यांचेही कागद येतायत, बारक्या दारोदार फिरून एकेकाला आणतो, काही दारं तोंडावर आपटली जातात. काहींचे कागद चांगले येतात. सगळ्यांचे नाही.

त्या दुपारी आत इंजेक्शन चाललं होतं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. आतून त्या पोरीनं जो टाहो फोडला! "नको, नको" करत ती सगळा दवाखाना डोक्यावर घेत होती. बारक्या ऐकत होता. त्याच्या हातावरची सकाळची रेघ वाळून काळी पडली होती.

"मिया असोच रडलेलंय मां?" त्यानं विचारलं. "म्हणान तू ती आग बंद केलंस?"

"व्हय."

त्यानं ती रेघ अंगठ्यानं झाकली. मग म्हणाला, "मिया रडूक नको होता."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "मेल्या, चार वर्सांचो होतंस तू!" म्हटलं, आणि पुढे मला बोलताच येईना. त्या पोराच्या लिव्हरची काच मी रंगवली तेव्हा रडले नव्हते. बाकावर बसून लहान पोरासारखी रडले, येणारे-जाणारे बघत होते.

नर्सनं दार उघडून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही बरोबरच्या ना? जरा आत या. आईचं ऐकत नाही ती. गप्प करा हो तिला."

मी डोळे पुसून आत गेले. पोर लालबुंद झाली होती. अजून एक सुई बाकी होती, उजव्या हाताला. मी तिला मांडीवर घेतलं, तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "रड गो बाये. दुखतला. मोठ्यान रड."